झोन आला, पण तो कशाचा?

प्रश्न असा आहे. मुंबईत एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने कुरडयांसाठी भिजत घातलेल्या गव्हाच्या पाण्यातून आणि आंबोळीच्या पिठातून लॅक्टिक आम्ल जिवाणूंचे काही आयसोलेट (वेगळे काढलेले शुद्ध वाण) मिळवले. एमआरएस ब्रॉथमध्ये (या जिवाणूंच्या नेहमीच्या द्रव माध्यमात) वाढवून, सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रव (सुपरनॅटंट) अगरच्या प्लेटमधल्या वेलमध्ये, म्हणजे खड्ड्यात, घातलं, तर ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या दोन्हींच्या प्लेटवर मोठे झोन, म्हणजे वाढ न झालेली स्वच्छ वर्तुळं, आले. गाइड म्हणतात, बॅक्टेरियोसिन (जिवाणूने दुसऱ्या जिवाणूंना मारायला बनवलेलं पेप्टाइड) मिळालं, लिहून टाक. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: हे खरंच बॅक्टेरियोसिन आहे का, गिरगावात इडलीचं पीठ विकणाऱ्या मावशीला ते पीठ टिकवायला वापरता येईल का, आणि पुढेमागे अँटिबायोटिकला पर्याय म्हणून याकडे बघता येईल का.

पहिल्याचं उत्तर: इतक्या माहितीवर सांगता येत नाही, आणि ई. कोलायवरचा झोन तर बहुधा नुसत्या आम्लाचा आहे. दुसऱ्याचं उत्तर: नाही. तिसऱ्याला थोडा वेळ लागेल.

आम्लापासूनच सुरुवात करू, कारण निम्मे प्रबंध तिथेच अडकतात. एमआरएसमध्ये लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज असतं. प्लांटारमसारखा लॅक्टिक आम्ल जिवाणू रात्रभरात त्या ब्रॉथचा पीएच ४ च्या आसपास किंवा त्याखाली नेतो. लॅक्टिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल विघटित असतं तो आकडा) ३.८६ आहे, म्हणजे पीएच ४ ला सुमारे ४२ टक्के आम्ल अविघटित रूपात असतं, आणि हेच रूप पेशीच्या पटलातून आत शिरून आतला पीएच पाडतं. तोच ब्रॉथ ६.५ वर आणला तर हा वाटा पाव टक्क्याच्याही खाली जातो. गंमत म्हणजे एमआरएसमध्ये मुळातच लिटरला ५ ग्रॅम सोडियम ॲसिटेट घातलेलं असतं. ब्रॉथ आंबला की त्याचं ॲसेटिक आम्ल होतं, त्याचा पीकेए ४.७६, म्हणजे पीएच ४ ला ते बहुतांश अविघटितच. तुमच्या जिवाणूने काही खास न करताही ही प्लेट झोन दाखवणार. द मान, रोगोसा आणि शार्प यांनी १९६० मध्ये हे माध्यम लॅक्टोबॅसिलस चांगले वाढावेत म्हणून बनवलं. जंतुनाशक द्रव्यं तपासण्यासाठी ते बनवलेलं नाही, हे आपण विसरतो.

म्हणून सगळ्यात आधी एक कंट्रोल लावा, जो बहुतेक ठिकाणी लावलेलाच नसतो: जिवाणू न घातलेला एमआरएस ब्रॉथ घ्या, लॅक्टिक आम्लाने त्याचा पीएच तुमच्या सुपरनॅटंटइतका करा आणि शेजारच्या वेलमध्ये घाला. तिथेही तेवढाच झोन आला तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला. परीक्षक म्हणून प्रबंध हातात आला की मी आधी ही प्लेट शोधतो. नसली तर पुढचं सगळं जरा संशयानेच वाचलं जातं.

मग सुपरनॅटंट सोडियम हायड्रॉक्साइडने ६.५ वर आणा. अल्कली तीव्र घ्या म्हणजे द्रव पातळ होणार नाही, पण थेंबथेंब आणि ढवळत घाला. ०.२२ मायक्रॉनचं फिल्टर वापरताना पीव्हीडीएफ किंवा पीईएसचं घ्या. ही पेप्टाइडं जलद्वेषी असतात आणि नायट्रोसेल्युलोजवर चिकटून बसतात. गाळलेल्या द्रवात काहीच मिळालं नाही असं वाटतं आणि खरा माल फिल्टरवर राहिलेला असतो. यानंतर कॅटालेज हे एन्झाइम घालून हायड्रोजन पेरॉक्साइड काढा. प्लांटारमला हवा मिळाली की तो पेरॉक्साइड सोडतो, आणि शेकरवर ठेवलेल्या फ्लास्कमध्ये तर भरपूर.

एवढं करूनही झोन राहिला तर आता प्रथिनाची परीक्षा. बॅक्टेरियोसिन हे रायबोसोमवर बनलेलं पेप्टाइड, त्यामुळे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने ते मोडलं पाहिजे. वेलच्या एका बाजूला एन्झाइमचा थेंब ठेवा. पेप्टाइड असेल तर झोन त्या बाजूने चेपतो आणि अर्धचंद्रासारखा दिसतो. एकाच एन्झाइमवर विसंबू नका. नायसिन हे अन्नात वापरलं जाणारं बॅक्टेरियोसिन ट्रिप्सिन या एन्झाइमला फारसं दाद देत नाही, कायमोट्रिप्सिनने मात्र निकामी होतं. नुसतं ट्रिप्सिन वापरून ‘प्रथिन नाही’ असा निष्कर्ष काढणारे खुद्द नायसिनलाही नापास करतील. प्रोटिनेज के, कायमोट्रिप्सिन आणि पेप्सिन हे तिन्ही लावा, आणि एन्झाइम एकट्याने इंडिकेटरचं (ज्याची वाढ थांबते का ते बघतो त्या जिवाणूचं) काही बिघडवत नाही ना, तेही बघा.

उष्णतेबद्दल एक सूचना. ‘१२१ अंशाला १५ मिनिटं ठेवूनही टिकलं, म्हणून बॅक्टेरियोसिन’ हे वाक्य मी फार वेळा वाचतो. लॅक्टिक आम्लही १२१ अंशाला टिकतं. उलट नायसिन पीएच २ ला ऑटोक्लेव्ह सोसतं, पण उदासीन पीएचला तेवढ्याच उष्णतेत बरंच निकामी होतं. म्हणजे उष्णतेच्या चाचणीत पीएच न लिहिता नुसतं तापमान लिहिलं तर त्यातून काही कळत नाही.

फाजची, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंची, शक्यता लोक विसरतात. लॅक्टिक आम्ल जिवाणूंमध्ये सुप्त फाज सर्रास असतात, आणि इंडिकेटर जवळच्या जातीचा असेल तर फाजही झोन देतो. ओळखायला सोपं आहे. नमुना पातळ करत जा आणि थेंब टाका. पेप्टाइड असेल तर झोन सगळीकडून सारखा फिका होत जातो. फाज असेल तर शेवटी सुटे सुटे ठिपके उरतात.

याच पातळीकरणातून एककही मिळतं. समजा ५ मायक्रोलिटरच्या थेंबाने ६४ पट पातळ केल्यावरही स्पष्ट झोन दिला आणि १२८ पटीला दिला नाही, तर ६४ ला २०० ने गुणा: मिलिलिटरला १२,८०० एकक. झोनच्या मिलिमीटरपेक्षा हा आकडा कितीतरी उपयोगी, कारण झोनचा व्यास अगरच्या टक्क्यावर, थराच्या जाडीवर आणि पेप्टाइड किती पसरतं त्यावर बदलतो. इंडिकेटर मऊ अगरमध्ये, साधारण ०.८ टक्क्याच्या, मिसळा.

तुम्ही निवडलेल्या इंडिकेटरबद्दलही बोलायला हवं, कारण इथे तुमचं नुकसान झालेलं असू शकतं. लॅक्टिक आम्ल जिवाणूंची बहुतेक पेप्टाइडं ग्रॅम-पॉझिटिव्ह (बाहेरचं पटल नसलेल्या) जिवाणूंवर चालतात, आणि त्यातही जवळच्या नातेवाइकांवर जास्त. ई. कोलायला बाहेर लिपोपॉलिसॅकराइडचं आणखी एक पटल असतं. नायसिनचं लक्ष्य आहे आतल्या पटलावरचं लिपिड टू (पेशीभित्तिकेचा कच्चा माल), पण सोसायटीच्या गेटवरच वॉचमनने अडवलं तर चौथ्या मजल्यावरच्या दाराची किल्ली असून काय उपयोग. ईडीटीए घालून त्या बाहेरच्या पटलातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतलं की मग नायसिन ई. कोलायवरही काम करायला लागतं. म्हणून ईडीटीए नसताना ई. कोलायवर मोठा झोन म्हणजे आनंदाची नव्हे, शंकेची बाब. आणि तुम्ही फक्त ई. कोलाय आणि स्टॅफवर चाळणी लावून बाकीचे आयसोलेट टाकून दिले असतील तर खरे उत्पादक कदाचित त्यातच होते. मायक्रोकोकस ल्युटियस, लिस्टेरिया इनॉक्युआ आणि दोन-तीन लॅक्टोबॅसिलस घेऊन पुन्हा चाळा. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा रोगजंतू कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत आणू नका. इनॉक्युआने काम भागतं. कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांकडून मागवता येतात.

आणखी एक गोष्ट नवख्यांना चक्रावते: प्लेटवर झोन येतो आणि ब्रॉथमध्ये काहीच सापडत नाही. काकडीच्या आंबवणातून मिळालेला प्लांटारम सी११ हा याचा अभ्यासलेला नमुना. त्याची प्लांटारिसिन ई-एफ आणि जे-के ही जोडीजोडीने काम करणारी पेप्टाइडं. ई एकटं किंवा एफ एकटं जवळपास काहीच करत नाही, दोघं मिळून पटलाला भोक पाडतात. ती बनवायची की नाही हे ठरतं प्लांटारिसिन ए नावाच्या एका इशारा-पेप्टाइडवरून. जिवाणू दाटीने वाढले की इशारा साचतो आणि जनुकं सुरू होतात. ब्रॉथमध्ये अगदी कमी इनॉक्युलम (सुरुवातीचे जिवाणू) घातलं तर हा इशारा साचतच नाही आणि पुढच्या पिढ्यांतही काही बनत नाही. अशा वेळी इनॉक्युलम वाढवा, तापमान थोडं खाली आणा, किंवा इंडिकेटर जिवाणूसोबत वाढवून बघा. कधी कधी शेजारी असला की उत्पादन सुरू होतं. शिवाय ६ च्या आसपासच्या पीएचला पेप्टाइड उत्पादक पेशींनाच चिकटून राहतं. पेशी गोळा करून पीएच २ च्या मिठाच्या द्रावणात ढवळल्या की ते सुटतं. ही युक्ती शुद्धीकरणातही वापरली जाते, आणि अमोनियम सल्फेटने साका पाडण्यापेक्षा ती मला जास्त आवडते, कारण एमआरएसमधलं ट्वीन ८० हे साबणासारखं द्रव्य साका पाडताना पेप्टाइडला घेऊन वर तरंगतं आणि अख्खा दिवस चिकट साय खरवडण्यात जातो.

नमुनाही वेळेवर घ्या. उत्पादन साधारण घातांकी वाढीच्या शेवटी आणि स्थिर अवस्थेच्या सुरुवातीला कमाल असतं, नंतर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) आणि चिकटणं यामुळे घसरतं. रात्री लावून दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रॅक्टिकल संपल्यावर बघणारा कमाल टप्पा चुकवतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात, एसी नसलेल्या प्रयोगशाळेत ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे ३३ अंशही असू शकतं. ‘रूम टेम्परेचरला वाढवले’ असं न लिहिता खरा आकडा लिहा.

आता वनस्पतींकडे, कारण तुमच्या विषयाचं खरं वैशिष्ट्य तिथे आहे. बॅक्टेरियोसिनचा इतिहास बहुतांशी दुधात घडला. १९२८ मध्ये रॉजर्स आणि व्हिटियर यांनी अमेरिकेत पाहिलं की दुधातले काही स्ट्रेप्टोकोकस हे दह्यातल्या बल्गॅरिकस या जिवाणूची वाढ रोखतात. १९४७ मध्ये मॅटिक आणि हिर्श यांनी त्या द्रव्याला नायसिन म्हटलं. १९६९ मध्ये एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीने ते अन्नात वापरायला सुरक्षित ठरवलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने चीज स्प्रेडसाठी मान्यता दिली. चौतीस अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू. पण ते बनवणारा लॅक्टोकोकस लॅक्टिस (तेव्हाचा स्ट्रेप्टोकोकस) हा काही फक्त दुधाचा रहिवासी नाही. साउअरक्राउट या आंबवलेल्या कोबीतून आणि मोड आलेल्या कडधान्यांतूनही नायसिन बनवणारे लॅक्टोकोकस मिळालेले आहेत. दुधातले स्ट्रेन वनस्पतींवरूनच आले असावेत, असं जीनोमकडे बघणारे बरेच जण मानतात.

वनस्पतीवर राहणं सोपं नाही. पानाच्या पृष्ठभागावर साखर कमी, टॅनिन आणि इतर फिनॉल भरपूर, कोरड पडते, ऊन लागतं. प्लांटारमचा जीनोम सुमारे ३३ लाख बेस जोड्यांचा आहे, दह्यातल्या बल्गॅरिकसचा १९ लाखांच्याही खाली. बल्गॅरिकस दुधात आरामात राहून जनुकं गाळत गेला. प्लांटारमने मात्र कितीतरी प्रकारच्या साखरा पचवण्याची आणि टॅनिन तोडण्याचीही सोय ठेवली. या गर्दीत शेजाऱ्याला रोखणारी पेप्टाइडं बाळगणं फायद्याचं असावं. प्लांटारम मुळातच व्हँकोमायसिनला दाद देत नाही, पण तो प्रतिकार त्याच्या पेशीभित्तिकेच्या रचनेतच असल्याने दुसऱ्यांकडे पसरणारा नाही. एंटरोकोकस या दुसऱ्या लॅक्टिक जिवाणूच्या बाबतीत मात्र पसरणारा प्रतिकार ही खरी चिंता आहे. आयसोलेट एंटरोकोकस निघाला तर पेप्टाइड कितीही छान असो, जिवंत जिवाणू अन्नात घालण्याचा विचार सोडून द्या.

मुंबईत स्रोतांची कमतरता नाही. चैत्र-वैशाखात चाळीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया दिसल्या, म्हणजे त्याआधी कुणाच्या तरी बादलीत तीन दिवस गहू भिजलेला असतो. रोज पाणी बदलतात, तरी आंबूस वास येतोच; तो वास म्हणजे तुमचे जिवाणू. पावसाळ्यात ठाणे, बोरिवली, दादर स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, फोडशी, शेवळं घेऊन बसतात. पालघर-डहाणूची ताडी तर आहेच. पण ताज्या पानांवर लॅक्टिक जिवाणू फार नसतात, ग्रॅममागे शेकडो ते काही हजार, आणि बाकीच्या गर्दीत ते हरवतात. म्हणून चिरलेल्या पानांना २ ते ३ टक्के मीठ लावून हवाबंद बाटलीत दोन-तीन दिवस ठेवा, मगच प्लेटवर पसरा. अगरमध्ये कॅल्शियम कार्बोनेट घातलं की आम्ल बनवणाऱ्या वसाहतींभोवती स्वच्छ कडं दिसतं. आणि आपलं कैरीचं लोणचं या यादीत आणू नका. त्यात मीठ इतकं जास्त, वर तेलाचा थर आणि कैरीचं स्वतःचं आम्ल. तिथे लॅक्टिक आंबवण फारसं होतच नाही. दर वर्षी कुणीतरी आजीच्या लोणच्यातलं प्रोबायोटिक शोधायला निघतं.

ओळख पटवताना नुसत्या १६एस या रायबोसोमच्या जनुकावर थांबू नका. प्लांटारम, पेंटोसस आणि पॅराप्लांटारम या जवळच्या जातींना १६एस नीट वेगळं करत नाही. रेकए जनुक करतं. नावं २०२० मध्ये बदलली आहेत, जुना लॅक्टोबॅसिलस वंश पंचवीस वंशांत विभागला गेला, त्यामुळे लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम लिहा. प्लांटारिसिनच्या जनुकांसाठी पीसीआर स्वस्त पडतो, पण जनुक असणं आणि पेप्टाइड बनणं या दोन गोष्टी आहेत. खरा पुरावा म्हणजे शुद्ध केलेल्या पेप्टाइडचं वस्तुमान: नायसिन ए साधारण ३,३५४ डाल्टन, नायसिन झेड ३,३३१. एवढं करायला एम.एस्सी.च्या वेळापत्रकात जागा नसेल तर पेप्टाइडं आकाराने वेगळी करणाऱ्या ट्रायसिन जेलवर इंडिकेटर पसरून कुठल्या पट्ट्याखाली वाढ थांबते ते दाखवा. तेही पुरेसं वजनदार आहे.

मावशींच्या पिठाकडे येतो. इडलीचं पीठ फुगवण्याचं काम मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस करतो. १९६५ मधल्या एका अभ्यासात ते दाखवलं गेलं. हा ग्रॅम-पॉझिटिव्ह लॅक्टिक जिवाणू, म्हणजे नायसिनसारख्या पेप्टाइडने मरणाऱ्यांत तो पहिल्या रांगेत. बॅक्टेरियोसिन घातलं तर पीठ टिकेल की नाही ते पुढचं, फुगणार नाही एवढं नक्की. त्यांची अडचण बहुधा रोगजंतूंची नसून पीठ जास्त आंबतं, पाकीट फुगतं, वर यीस्टचा पांढरा पापुद्रा येतो ही आहे. यीस्ट आणि बुरशीवर नायसिनचा काही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी दळल्यावर लवकर थंड करणं, दुकानापर्यंत थंडच नेणं आणि फ्रीज ४ अंशाला ठेवणं यापलीकडे जादू नाही. तांदळातले बॅसिलस सीरियसचे बीजाणू ही खरी काळजीची गोष्ट, आणि पीठ पीएच ४.५ च्या खाली आलं की त्यांना आळा बसतो. पाच रुपयांची पीएच पट्टी तिथे जास्त कामाची. कायद्याच्या बाजूनेही सांगतो: भारतात नायसिन आयएनएस २३४ या अन्न-पूरकाच्या क्रमांकाने ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेतच घालता येतं. कॉलेजमध्ये बनवलेलं अशुद्ध सुपरनॅटंट विकाऊ पिठात घालणं कुठेच बसत नाही, कितीही ‘नॅचरल’ असलं तरी.

उरला अँटिबायोटिकचा प्रश्न. नायसिनची मारण्याची पद्धत खरोखर देखणी आहे. ते लिपिड टूच्या पायरोफॉस्फेटला पकडतं, म्हणजे पेशीभित्तिकेचा कच्चा माल अडवतं, आणि त्याच आधाराने पटलात भोकही पाडतं. व्हँकोमायसिनही लिपिड टूलाच धरतं, पण दुसऱ्या टोकाला, पेप्टाइडच्या शेपटाला. त्यामुळे व्हँकोमायसिनला न जुमानणाऱ्या जिवाणूंवरही नायसिन चालतं. परीक्षानळीत हे सगळं उत्तम. शरीरात मात्र गिळलं तर आतड्यातले एन्झाइम तोडून टाकतात (म्हणूनच अन्नात ते सुरक्षित), रक्तात फार टिकत नाही, आणि उदासीन पीएचला नीट विरघळतही नाही. जनावरांच्या कासदाहावर, म्हणजे बाहेरून पोचता येईल अशा जागी, ते वापरून पाहिलं गेलं आहे. माझ्या मते आधी वाट निघेल ती त्वचा, जखमा, सडं अशा ठिकाणी. प्रतिकारही उद्भवतो. पेडिओसिनसारखी पेप्टाइडं लिस्टेरियाला मारायला मॅनोज आत नेणाऱ्या एका प्रथिनाचा आधार घेतात. ते प्रथिन गमावलेले लिस्टेरिया प्रयोगशाळेत सहज मिळतात. म्हणून ‘प्रतिकाराचा धोका नाही’ असं वाक्य प्रबंधात घालू नका.

आणि गाइडशी वाद घालण्यापेक्षा त्यांना प्लेट दाखवा: एका बाजूला आंबट सुपरनॅटंट, शेजारी त्याच पीएचचा कोरा ब्रॉथ, तिसरा वेल ६.५ वर आणलेला, चौथा कॅटालेज घातलेला, पाचव्याच्या बाजूला प्रोटिनेज के, आणि खाली मायक्रोकोकस. तिसऱ्या-चौथ्यात काही उरलं नाही तर प्रबंधाचं शीर्षक ‘आंबवलेल्या गव्हातील लॅक्टिक आम्ल जिवाणूंची जिवाणूरोधक क्षमता’ असं ठेवा. ते पूर्ण खरं आहे आणि पासही होतं. उरलं, आणि पाचव्यात चेपलं, तर ‘बॅक्टेरियोसिनसदृश द्रव्य’ लिहा, आणि तो आयसोलेट २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला, दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये, आजच ठेवा.